उजवा हात, दोन बोटं

शिरीष गुळवणी सरांना आपल्या बायकोचा संशय आला तो एका मंगळवारी सकाळी, चहाच्या दुसऱ्या घोटाला. पहिला घोट घेताना त्यांचा संसार सव्वीस वर्षांचा आणि निर्धोक होता.

फोनवर रोजच्यासारखे दोन अहवाल आले होते, एक त्यांच्या झोपेचा आणि एक वृषालीच्या. स्वतःचा त्यांनी आधी वाचला. 'उजवा हात : मंद घासणे, पुढे-मागे, समान दाब. अकरा मिनिटे.' सरांना बरं वाटलं. सांगलीच्या कॉलेजात तीस वर्षं शिकवून माणूस स्वप्नातही फळा पुसतो, याला निष्ठा म्हणतात. मग त्यांनी, सहज म्हणून, बायकोचा अहवाल उघडला.

'उजवा हात पुढे. दोन बोटे समोरील व्यक्तीच्या मानेलगत, कापडाच्या घडीत. हलका शोध. डावा हात त्याच व्यक्तीच्या खांद्यावर. संभाव्य अर्थ : कॉलर नीट करणे (७४ टक्के).'

सरांनी कप खाली ठेवला. गेली नऊ वर्षं ते बिनकॉलरचे झब्बे घालत होते. कॉलेजात, लग्नकार्यात, अगदी भरारी पथकाच्या गाडीतही.

"साखर कमी झाली का?" वृषालीने ओट्यापाशी उभं राहून विचारलं.

"नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी तिच्या पायांकडे पाहिलं. कॉपी करणाऱ्याच्या हातांकडे कधी बघू नये, हात तयारीत असतात. पाय मात्र खरं बोलतात, हा त्यांचा सिद्धांत होता. वृषालीचे पाय चपलेत स्वस्थ उभे होते. म्हणजे मुरलेली आहे, सरांनी मनात नोंद केली.

आता हे अहवाल काय होते, ते सांगायला हवं.

माणूस स्वप्न बघत असतो तेव्हा त्याचा मेंदू जवळजवळ जागेपणीसारखाच कामात असतो. स्वप्नात कुत्रा मागे लागला तर मेंदू पायांना पळायचा हुकूम खरोखरच देतो. पण मेंदूच्या देठापाशी, मस्तिष्कसेतू नावाच्या भागात, चेतापेशींचा एक लहानसा पुंजका असतो. तो त्या वेळी खाली मज्जारज्जूपर्यंत निरोप धाडतो, आणि तिथे ग्लायसिन आणि गाबा ही दोन रसायनं स्नायू हलवणाऱ्या पेशींची तोंडं बंद करतात. हुकूम निघतो, पण बजावला जात नाही. डोळे आणि श्वासपटल यांना तेवढी सूट असते, म्हणून बुबुळं फिरतात आणि श्वास चालतो. बाकी माणूस ओल्या फडक्यासारखा पडून राहतो. आपल्या सरकारी कचेऱ्यांत वरून निघालेले आदेश खालच्या टेबलावर अडकतात, तशीच ही व्यवस्था. फरक इतकाच की इथे त्यात नागरिकांचं कल्याण असतं.

'निजपट' नावाच्या चादरीने या अडकलेल्या आदेशांच्या नकला मिळवायला सुरुवात केली. गादीवर अंथरायची, वर नेहमीचं बेडशीट घालायचं. मज्जारज्जूतून जाणाऱ्या संदेशांभोवती जे अतिसूक्ष्म चुंबकीय क्षेत्र उमटतं ते ती टिपायची, आणि न झालेल्या हालचालींचा तपशील सकाळी फोनवर हजर. मूळ शोध लकव्याच्या रुग्णांसाठी होता. पण रुग्ण थोडे आणि संशयी लोक पुष्कळ, हे कंपनीच्या लवकरच ध्यानात आलं. दोन वर्षांत विवाहमंडळांच्या फॉर्मवर गोत्र आणि रक्तगट यांच्या खाली 'तीस रात्रींचा निजपट' असा रकाना आला. ज्या मुलाचा हात स्वप्नात कुणावर उगारला जातो, त्याला मुलगी कशाला द्यायची? जे हातून घडलं ते माणूस नाकारू शकतो. जे घडलंच नाही ते कसं नाकारणार?

मग मूल्यमापन महामंडळाने, म्हणजे राज्यातल्या परीक्षांची राखण करणाऱ्या संस्थेने, फतवा काढला. गोपनीय काम करणाऱ्यांनी तीस रात्रींचा निष्कलंक अहवाल जोडावा. सर अकरा वर्षांपासून मुख्य दक्षता निरीक्षकाच्या पदावर डोळा ठेवून होते. सांगली, सातारा, सोलापूर या तीन जिल्ह्यांत त्यांनी इतक्या कॉप्या पकडल्या होत्या, की मुलं कॉपी पकडण्याच्या त्यांच्या लकबीला 'गुळवणी चिमटा' म्हणत. त्यांनी लगेच निजपट मागवला. डबलबेडचाच मिळाला, त्यामुळे वृषालीचा अहवाल फुकटात पडला.

चादर अंथरायला कंपनीचा माणूस आला होता. माणूस कसाही झोपो, उलटा, आडवा, मशीन मणका बरोबर हुडकतं, असं त्याने अभिमानाने सांगितलं. फक्त कोण कुठल्या बाजूला, ते एकदा भरून द्यायचं. सरांनी माहितीपुस्तिकेतलं चित्र समोर धरून, चष्मा पुसून, डाव्या अर्ध्यात स्वतःचं नाव भरलं, उजव्यात बायकोचं, आणि दोनदा तपासलं.

तीस रात्री झाल्या. सरांचा अहवाल इतका शांत निघाला, की महामंडळाने नेमणुकीच्या पत्रासोबत 'आदर्श निद्रा' असं एक प्रशस्तिपत्र पाठवलं. सरांनी ते फ्रेम करून हॉलमध्ये लावलं. येणारा-जाणारा विचारायचा, आणि न विचारणाऱ्याला सर पाणी देण्याच्या निमित्ताने त्याखाली उभं करायचे. महिनाभर त्यांनी वृषालीचा अहवाल उघडलाही नव्हता. नेमणूक झाली आणि फावला वेळ मिळाला, तेव्हा तो मंगळवार आला.

वृषाली मिरजेला तंबोऱ्यांच्या एका जुन्या दुकानात जवारी काढायची. तंबोऱ्याच्या घोडीवरून तारा जातात, ती घोडी कानसाने थोडी थोडी घासत जायची, मग सूर मोकळा होतो. कामाला हात हलका लागतो आणि कान तिखट. दुकानाचे मालक अब्बासभाई हे तिचे गुरू. ते शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावायचे. कॉलर होती. सरांनी त्यांचं नाव वहीत लिहिलं. अब्बासभाईंचं वय अठ्ठ्याहत्तर होतं आणि त्यांना जिना चढायला दोन माणसं लागत. पण संशयाच्या टप्प्यावर कुणालाही वगळायचं नाही, हा पथकाचा नियम होता.

पुरावे गोळा व्हायला लागले की रांगेने येतात. मे महिन्याच्या उकाड्यात वृषाली लांब बाह्यांचा कुडता घालत होती. पलंगाच्या मधोमध तिने एक तक्क्या आणून ठेवला होता, कंबरेला आधार म्हणून. सव्वीस वर्षं त्या कंबरेला आधार लागला नव्हता. फोन आला की ती गॅलरीत जाऊन बोलायची. आणि अहवालही बदलत चालले होते. हलका शोध संपून आता 'पकड', 'हिसका', 'ढकलणे' असे शब्द येत होते. एकदा तर घशाला बोलण्याचा हुकूम गेल्याची नोंद आली, शब्द अस्पष्ट. म्हणजे त्या कॉलरवाल्याशी तिचं भांडण झालं होतं. सरांना थोडा आनंद झाला, आणि मग भांडण होण्याइतकी जवळीक आहे हे लक्षात येऊन तो मावळला.

एका गुरुवारी ते मिरजेच्या बसमध्ये तिच्या मागे चार सीट सोडून बसले. वृषाली दुकानाच्या थांब्यावर उतरली नाही. पुढच्या थांब्यावर उतरून ती एका तीन मजली इमारतीत शिरली. खाली इतक्या पाट्या होत्या, की गुन्हा नेमका कुठल्या मजल्यावर चालला आहे ते कळेना. वकील होते, दंतवैद्य होते, मज्जासंस्थेच्या एक डॉक्टर होत्या, शिवणाचा क्लास होता. सर रसवंतीगृहात पन्नास मिनिटं बसले आणि त्यांनी तीन ग्लास रस प्यायला. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात कागदाची एक घडी होती. तिने ती पर्समध्ये ठेवली, मग काढली, मग कुडत्याच्या आतल्या खिशात सरकवली. कागद लपवणारा माणूस सर शंभर पावलांवरून ओळखायचे.

पुढच्या बुधवारी, जेवताना, त्यांनी विषय काढला. पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही हे त्यांचं तत्त्व होतं, आणि वही आता भरली होती.

"ती कॉलर कुणाची?" त्यांनी विचारलं.

वृषालीने भाकरीचा तुकडा मोडता मोडता वर पाहिलं. "कुठली कॉलर?"

"जी तू रोज हाताळतेस. दोन बोटांनी."

तिने तुकडा ताटात ठेवला. रागावली असती तर सरांना सोपं गेलं असतं. पण तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना ओळखता आलं नाही, आणि पाय टेबलाखाली होते.

"माझा अहवाल वाचतोस तू," ती म्हणाली. "किती पानं वाचतोस?"

"पहिलं. त्यातच सगळं आहे."

"तिसरं वाच."

पकडलेला विद्यार्थीही हेच करतो. सर, मागच्या बाकाकडे बघा, तिकडे खरी गडबड आहे. सरांनी तिसरं पान वाचलं नाही. उलट अब्बासभाईंचा उल्लेख केला. तेव्हा मात्र वृषाली हसली, आणि मग हसणं एकदम थांबवून ताट उचलून उठली. ती एवढंच म्हणाली, की मी दोन दिवस इचलकरंजीला ताईकडे जाऊन येते, आणि आल्यावर ठरवू या.

"काय ठरवायचं?"

"वेगळं झोपायचं का ते," ती आतून म्हणाली.

सरांनी वही काढून चाळली. वहीत त्यांनी बरंच काही लिहिलं होतं. पण त्या सगळ्याचं शेवटी काय करायचं, हे कुठल्याच पानावर नव्हतं. पथकाचं काम पकडण्यापर्यंत असतं. शिक्षा दुसरं कोणी ठरवतं.

ती गेली. सर घरात एकटे झोपले, आपल्या नेहमीच्या बाजूला, दाराला आतून साखळी लावून. सकाळी चहा स्वतः केला, तो वाईट झाला, आणि फोन उघडला.

'श्री. शिरीष गुळवणी : अनुपस्थित. सौ. वृषाली गुळवणी : झोप सहा तास चाळीस मिनिटे. उजवा हात, दोन बोटे, कॉलर.'

तर्कशुद्ध माणसाचं मोठेपण अशा वेळी दिसतं. सरांनी आधी जाऊन साखळी तपासली. ती लावलेली होती, म्हणजे वृषाली गुपचूप येऊन झोपून गेली नव्हती. मग त्यांनी पलंगाखाली वाकून पाहिलं. मग मशीन बिघडलं असेल का, याचा विचार केला आणि तो फेटाळला. ज्या मशीनने तीस रात्री आपल्याला आदर्श ठरवलं, ते बिघडलेलं असण्याची शक्यता कमी होती. मग, या घरात गुळवणी नावाचा माणूस रात्री नव्हताच की काय, या प्रश्नापाशी ते जरा वेळ थांबले. शेवटी त्यांनी बेडशीट ओढून काढलं.

निजपटाच्या एका टोकाला बाण होता, आणि त्याखाली ठळक अक्षरांत 'डोके' असं छापलं होतं. बाण उत्तरेच्या भिंतीकडे होता. प्लग तिथे होता, म्हणून कंपनीच्या माणसाने वायरीचं टोक तिकडे केलं होतं. त्याच्या हिशेबी माणसाची उशी प्लगजवळ असते. उशा मात्र दक्षिणेला होत्या. या घरात उत्तरेला डोकं आणि दक्षिणेला पाय करून कधीच कोणी झोपलं नव्हतं. सरांचा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. ते फक्त तसं झोपत नसत. सव्वीस वर्षांच्या सवयीने वृषालीने त्याच दिवशी उशा जिथल्या तिथे ठेवल्या, आणि चादरीचा डावा अर्धा तिच्या वाट्याला आला.

सर उभे राहिले. त्यांनी डावा हात हवेत एका अदृश्य खांद्यावर ठेवला, अगदी प्रेमाने, मुलगा बिथरू नये म्हणून. उजवा हात पुढे केला. पहिली दोन बोटं मानेलगत घडीत सरकवली. तिथेच चिठ्ठ्या असतात. बावीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं, आणि अहवालात इतके दिवस वाचूनही त्यांना स्वतःचा हात ओळखता आला नव्हता.

मग मंद घासणारा, समान दाबाचा तो दुसरा हात कोणाचा, हे वेगळं सांगायची गरज उरली नाही. फळा कोणीच पुसत नव्हतं.

दर परीक्षेला, पेपर वाटण्याआधी, ते हॉलमध्ये एकच वाक्य बोलत आले होते. उत्तरं नंतर लिहा, आधी सीट नंबर तपासा.

त्यांनी तिसरं पान उघडलं. तिथे 'गळती' नावाचा एकच आकडा होता. अडवलेल्या हुकमांपैकी किती हुकूम अडवणाऱ्याला चुकवून स्नायूंपर्यंत पोचले, त्याचं प्रमाण. निरोगी माणसात पाच टक्क्यांच्या आत. इथे एकतीस होतं.

वृषाली शनिवारी दुपारी आली. बेडशीट अजून जमिनीवर होतं आणि बाण उघडा होता. तिने बाणाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे, आणि पर्स खुर्चीवर ठेवली.

"उलगडलं?"

"तुला कधीपासून माहीत होतं?"

तिने कुडत्याची बाही वर केली. दंडावर चार बोटांचे निळे-पिवळे ठसे होते. पाचवा मागच्या बाजूला असणार. "विसाव्या रात्रीपासून. तू माझ्या गाउनची गळपट्टी धरून ओढत होतास. डोळे मिटलेले. दोन दिवसांनी माझ्या फोनवर इशारा आला, तुमची गळती वाढली आहे, डॉक्टरांना दाखवा. मी म्हटलं, मार खाणारी मी आणि गळती माझी कशी? मग बाण बघितला."

"मला सांगितलं का नाहीस?"

"काय सांगायचं? तू आधी विचारलं असतंस, पुरावा काय. मग डॉक्टर कोण, कंपनीशी त्यांचे संबंध काय. म्हणून आधी मिरजेच्या डॉक्टर मुजावरबाईंकडून सगळं समजून घेतलं, लिहून आणलं." तिने आतल्या खिशातून तीच घडी काढून टेबलावर ठेवली. "आणि तुझ्या तीस रात्री संपायला आठ राहिल्या होत्या, सर."

सरांनी मान वळवली. हॉलमधलं प्रशस्तिपत्र तिथून सरळ दिसत होतं.

"म्हणजे तो अहवाल..."

"माझा. शब्दन् शब्द माझा." तिचा आवाज कोरडा होता. "अकरा वर्षं त्या पदासाठी झुरत होतास. म्हटलं, आयुष्यात एकदा तरी कॉपी करून पास होऊ दे याला. आणि तू काय केलंस? पेपर पुरवणारीलाच पकडलंस. तेही अब्बासभाईंबरोबर."

यावर सर स्वतःच्या पायांकडे बघू लागले. पकडली गेलेली मुलंही तशीच बघायची. सर त्याला निर्ढावलेपणा समजत आले होते. त्यांनी तिच्या दंडाकडे हात नेला आणि मध्येच आवरला. या हाताचा आता त्यांनाही भरवसा वाटेना.

"स्वप्नात मी काही बोलतो?" त्यांनी विचारलं.

"'काढ, काढ बाहेर' म्हणतोस. मग शोधतोस, शोधतोस, सापडत नाही तुला काहीच. शेवटी म्हणतोस, 'बस खाली. लिही.'" तिने बाही खाली ओढली. "तेवढं फार चांगलं म्हणतोस. जागेपणी कधी ऐकलं नाही मी."

सोमवारी दोघं मिरजेला गेले, या वेळी एकाच सीटवर. डॉ. निलोफर मुजावर यांच्या पांढऱ्या कोटाला कॉलर होती; सरांनी पाहिली आणि नजर वळवली. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, की मेंदूच्या देठाजवळचा अडवणारा पुंजका दुबळा होऊ लागला की असं होतं. पन्नाशीपुढच्या पुरुषांत जास्त. यातल्या बऱ्याच जणांना पुढे, काही वर्षांनी, कंपवाताच्या जातीचा आजार होतो. कधी होईल हे आज सांगता येत नाही, आणि होईलच असंही म्हणता येत नाही. झोपताना एक गोळी घ्या, पलंगाजवळच्या टोकदार वस्तू काढा, दर सहा महिन्यांनी दाखवायला या. सरांनी हे निदान नक्की कशावरून, असं विचारायला तोंड उघडलं. वृषालीने बाही नीट केली. सरांनी तोंड मिटलं.

त्याच आठवड्यात त्यांनी महामंडळाला पत्र लिहिलं. सादर केलेला निद्रा-अहवाल माझा नसून माझ्या पत्नीचा आहे. अनवधानाने का होईना, मी दुसऱ्याच्या उत्तरपत्रिकेवर उत्तीर्ण झालो आहे. सबब नेमणूक रद्द व्हावी. वृषाली म्हणाली, कशाला, कोण बघतंय? आजवर हे वाक्य बोलणाऱ्या कित्येकांना त्यांनी हॉलबाहेर काढलं होतं. हिला त्यांनी पत्रावरचं शुद्धलेखन तपासायला दिलं. महामंडळाचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. नेमणूक रद्द झाली होती. परंतु सौ. गुळवणी यांचा अहवाल राज्यात सर्वोत्कृष्ट असल्याने त्या सदर पदासाठी अर्ज करू इच्छितात काय, अशी विचारणा होती. वृषालीने ते पत्र तंबोऱ्याच्या घोडीखाली, उंची नीट करायला वापरलं.

वेगळं झोपायचं का, याचा निर्णय मात्र राहिला होता. सरांनी स्वतःहून दिवाणावर अंथरूण घातलं. दोन रात्री ते तिथे झोपले. तिसऱ्या दिवशी निजपट उकलून माळ्यावर गेला आणि तक्क्या मधोमध परत आला. गोळीने पकड सैल झाली आहे, तेव्हा बघू या, असं वृषाली म्हणाली. तिने कपाटाच्या तळातून सरांचा नऊ वर्षांपूर्वीचा एक शर्ट काढून अंगात घातला होता, कॉलरवाला. सरांनी कारण विचारलं. तिने सांगितलं नाही. आता विचारायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, म्हणून त्यांनी फक्त दोनदा विचारलं.

सकाळी ते जागे झाले तेव्हा उजव्या हाताची मूठ वळलेली होती. वृषाली पलीकडे स्वस्थ झोपली होती, शर्टाची कॉलर उभी राहिलेली. सरांनी मूठ उघडली. आत बोटभर कागदाची, आठ घड्या घातलेली चिठ्ठी होती, चुरगळलेली. त्यांनी ती उलगडली.

'सापडलं एकदाचं. कॉलर तुझी, मान माझी. आता हात धुऊन चहा टाक.'

सरांनी चष्मा लावला, चिठ्ठी खिडकीशी नेली आणि अक्षर तपासलं. वृषालीचंच होतं.